गॅरेजमधली बिअर, वस्तीतली हातभट्टी आणि पाचवे शील



गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला आणि पुढे आठ दिवस दुसरा विषयच निघाला नाही. व्हिडिओ पाठवणारा आमचाच मित्र. आम्ही एकाच वस्तीत वाढलो, एकाच विहारात त्रिशरण-पंचशील पाठ केले, एकाच वसतिगृहात पातळ वरणावरून भांडलो. तो इंजिनिअर झाला आणि आता टेक्सासमध्ये असतो. आम्ही समाजशास्त्र घेतले आणि वस्तीतच राहिलो. व्हिडिओत त्याचे गॅरेज दिसते. मधोमध स्टीलचे चकचकीत उभे भांडे, त्याच्या बुडाशी डिजिटल आकडे, बाजूने वर जाणारी नळी, खाली घरघरणारा छोटा पंप. खाली त्याने लिहिले होते, ‘घरची बिअर. पहिली बॅच.’

मग सुरू झाले. कुणी टाळ्या वाजवल्या. कुणी विचारले, बावीस प्रतिज्ञा विसरलास काय? एकाने लिहिले की आपल्या आज्या-पणज्या हेच करायच्या, हा आपला वारसा आहे, लाज कसली? आणि एका अभ्यासू पोराने तर बाबासाहेबांचाच दाखला दिला: ते दारूबंदीच्या विरोधात होते, तेव्हा दारूला नाक मुरडणे ही ब्राह्मणी सवय आहे.

आम्ही तीन दिवस काही लिहिले नाही. कारण त्याच आठवड्यात आमच्या वस्तीतल्या एका मावशींच्या घरी छापा पडला होता आणि आमचे ते तीन दिवस पोलीस ठाणे, वकील आणि जामीनदार शोधण्यात गेले. एका हातात फोनवर मित्राचे चकचकीत भांडे आणि समोर पंचनाम्यात लिहिलेले मावशींचे जुने जर्मनचे पातेले, निळा प्लास्टिकचा कॅन आणि ‘अंदाजे पन्नास लिटर कच्चे रसायन, जागीच नष्ट’. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्याशिवाय या विषयावर बोलता येणार नाही असे आम्हाला वाटते, म्हणून हा लेख.

आधी ते यंत्र काय आहे ते नीट समजून घेऊ. आपल्यात एक खोड आहे, ज्याला विरोध करायचा ती वस्तू पाहायचीसुद्धा नाही. आम्ही मित्राला फोन करून दोन तास सगळे विचारले. त्यानेही हौसेने सांगितले.

बिअर म्हणजे मुळात आंबवलेले धान्याचे पाणी. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, हलके भाजायचे; याला माल्ट म्हणतात. मोड येताना धान्यात अशी द्रव्ये तयार होतात जी पिठाची साखर करतात. ती एका ठरावीक उष्णतेलाच नीट काम करतात, साधारण पासष्ट ते अडुसष्ट अंश सेल्सिअसला. उष्णता कमी ठेवली तर बिअर पातळ आणि कोरडी होते, जास्त ठेवली तर जड आणि गोडसर, आणि फारच वाढली तर ती द्रव्येच मरतात. पूर्वी लोक हे चुलीवर, हाताच्या अंदाजाने करत. मग गॅसवर थर्मामीटर धरून करू लागले. आता विजेवर करतात, कारण विजेचा कॉइल नियंत्रकाच्या हुकमात चालतो: सदुसष्ट सांगितले की तासभर सदुसष्टच.

मित्राच्या भांड्यात पंचवीसेक लिटर पाणी तापवायचे. आत जाळीच्या बुडाची दुसरी नळकांडी असते, तिच्यात पाच किलोच्या आसपास भरडलेले माल्ट टाकायचे. पंप तळाचे पाणी उचलून वरून परत धान्यावर सोडत राहतो, म्हणजे उष्णता सगळीकडे सारखी राहते आणि पाणी गाळलेही जाते. तासाभराने ती नळकांडी वर उचलून टांगायची, वरून गरम पाण्याने धान्य धुऊन घ्यायचे. खाली जमतो तो गोड, चिकट, तपकिरी रस. तो तासभर खळखळ उकळायचा. उकळी फुटताना फेस असा उसळतो की नजर हटली तर जमीन चिकट झालीच म्हणून समजा; त्याच्या पहिल्याच वेळी ते झाले. उकळीच्या सुरुवातीला हॉप्सची फुले टाकली की कडूपणा येतो, शेवटी टाकली की वास येतो. मग तांब्याची किंवा स्टीलची वेटोळी नळी आत सोडून तिच्यातून नळाचे थंड पाणी फिरवायचे आणि रस वीस अंशांपर्यंत झटपट उतरवायचा, कारण कोमट रसात भलतेच जंतू आधी शिरतात. यापुढे ज्याला ज्याला रस लागेल ते सगळे निर्जंतुक हवे. मग यीस्ट, झाकण, झाकणावर पाण्याची छोटी वाफनळी, जिच्यातून वायू बुडबुडत बाहेर जातो पण हवा आत येत नाही. दहा-चौदा दिवस. मग बाटलीत मोजून थोडी साखर, बूच, आणखी दोन आठवडे. साखर जास्त पडली तर बाटली फुटते.

किती ‘चढेल’ तेही मोजता येते. हायड्रोमीटर नावाची काचेची तरंगती कांडी असते. आंबण्याआधी ती १.०५० दाखवते आणि नंतर १.०१०, तर मधल्या फरकावरून सव्वापाच टक्क्यांच्या आसपास मद्यार्क निघतो. एका वेळेला वीस लिटरच्या आतबाहेर बिअर. वीज चार-पाच युनिट. भांडे कोरडे असताना कॉइल चालू केला तर तो जळतो, आणि ओल्या जमिनीवर वीज म्हणजे अर्थिंग आणि गळती पकडणारा ट्रिप स्विच नसेल तर जीव जातो, हे त्याने आवर्जून सांगितले. अशी भांडी न्यूझीलंडच्या ग्रेनफादर या नावाने मिळतात, जर्मनीचे ब्राउमाइस्टर म्हणून मिळते. त्याने त्याच्या संचाची किंमत सांगितली ती आमच्या चार-पाच महिन्यांच्या मानधनाएवढी होती.

यात कौतुक करण्यासारखे काही नाही असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर हात लावू दिला नाही, तो नातू पाण्याची उष्णता अर्ध्या अंशाने कमी-जास्त करून धान्यातल्या रसायनांना आपल्या मनाप्रमाणे वागवतो. हे विज्ञान आहे, आणि किण्वन ही काही पापाची गोष्ट नाही. आपल्या घरची आंबील तरी काय असते?

पण मग हा छंद राजरोस चालतो कसा? तर तो कायदेशीर आहे म्हणून. आणि तो कायदेशीर कसा झाला हे वाचण्यासारखे आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरी वाईन करायला मोकळीक मिळाली, बिअरला मिळाली नाही. पुढे पंचेचाळीस वर्षे लोक चोरून करत राहिले, मागणी करत राहिले, आणि १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली. एका प्रौढ माणसाला वर्षाला शंभर गॅलन, घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. कर नाही, पण विकायची नाही. सहीची तारीख होती १४ ऑक्टोबर. योगायोगच, पण मित्राला ही तारीख सांगितली तेव्हा फोनवर बराच वेळ शांतता होती. राज्यांनी मात्र आपापल्या गतीने मान्यता दिली. मिसिसिपी आणि अलाबामा २०१३ ला राजी झाली. ब्रिटनने तर १९६३ मध्येच घरगुती बिअरचा परवाना रद्द केला होता. थोडक्यात, तिथल्या मध्यमवर्गीय, बहुतांशी गोऱ्या पुरुषांच्या हौसेला राज्याने जागा करून दिली.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे अजून मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ लागू आहे. नाव बदलून महाराष्ट्र झाले एवढेच. या कायद्यात ‘दारू’ या शब्दात बिअरही येते. परवान्याशिवाय ती तयार करणे गुन्हा, आणि कलम ६५ प्रमाणे ती तयार करण्यासाठी भांडी, साहित्य, उपकरण बाळगणे हासुद्धा गुन्हा. म्हणजे मित्राने तेच भांडे उद्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणून गिझरच्या पॉइंटला जोडले आणि त्यात बिअर केली, तर कायद्याच्या नजरेत तो आणि मावशी एकाच ओळीत उभे राहतात. जर्मनचे पातेले आणि डिजिटल भांडे यात कायदा फरक करत नाही.

फरक करतो तो छापा. आम्ही वस्तीत काम करायला लागून दहा वर्षे झाली. या दहा वर्षांत लिफ्ट असलेल्या इमारतीत किण्वनाची भांडी शोधायला कुणी गेल्याचे आम्ही पाहिले नाही. वर्तमानपत्रात मात्र दर आठवड्याला चार ओळी असतात: अमुक वस्तीत हातभट्टीवर छापा, इतके रसायन नष्ट, महिलेवर गुन्हा. तिच्या वयासकट, पत्त्यासकट. १९८१ च्या एमपीडीए कायद्याच्या तर नावातच ‘हातभट्टीवाले’ हा शब्द आहे, आणि त्याखाली खटल्याशिवाय वर्षभर स्थानबद्ध करता येते. ज्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले त्या कंजारभाटांसारख्या जमातींच्या कपाळावर ‘दारू गाळणारे’ हा शिक्का १९५२ साली तो कायदा गेल्यावरही तसाच राहिला. आणि याच महाराष्ट्रात २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाईन विकायला मान्यता दिली, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे असे आम्हाला सांगण्यात आले. द्राक्षे आंबली तर शेतमालाला भाव, गूळ आंबला तर रसायन!

हे नवीन नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळणे आणि विकणे सरकार व ठेकेदार यांच्या हाती एकवटले. १८९२ च्या मोहा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आणले. झाड आदिवासीच्या दारात, फूल त्याच्या अंगणात पडलेले, आणि ते जपून ठेवले तर तो गुन्हेगार. सरकारला त्याच्या तब्येतीची काळजी नव्हती, महसूल हवा होता. युरोपातही काही वेगळे घडलेले नाही. तिथे बिअर करणे शेकडो वर्षे बायकांचे घरकाम होते. त्यात पैसा दिसू लागला तसे ते पुरुषांच्या संघांकडे आणि पुढे कारखान्यांकडे गेले.

म्हणून आमची पहिली भूमिका स्पष्ट आहे. पाच टक्क्यांची बिअर गॅरेजात केली तर ‘क्राफ्ट’ आणि वस्तीत आंबवले तर ‘रसायन’, ही भाषाच जातीची आणि वर्गाची आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पियर बोर्द्यू यांनी १९७९ च्या ‘ला दिस्तांक्सियों’ या ग्रंथात हेच दाखवले: चव ही निरागस नसते; आपण कोण आणि दुसरा कोण हे सांगण्याचे ते साधन असते. आमच्या मित्राने अजाणता तेच केले. त्याला ‘दारू’ करायची नव्हती, त्याला ‘ब्रू’ करायचे होते.

विषाचा मुद्दा कुणी काढेल, म्हणून इथेच बोलून टाकू. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. ती मेली मिथेनॉलने, आणि असे मिथेनॉल मडक्यात आपोआप तयार होत नाही. ते कारखान्यात लागणारे रसायन, स्वस्त पडते म्हणून कुणीतरी दारूत मिसळतो. मेलेले कोण होते? रोजंदारीवरचे, झोपडीतले. तेव्हा घरी आंबवलेली प्रत्येक गोष्ट विष असते हे खोटे आहे, आणि गरिबाच्या पेल्यातच विष येते हे खरे आहे.

इथपर्यंत ग्रुपमधली वारसावाली मंडळी खूश असतील. आता पुढचे ऐका.

ज्या पोराने बाबासाहेबांचा दाखला दिला त्याला आम्ही विचारले, कुठे वाचलेस? त्याने एका पोस्टरचा फोटो पाठवला. मित्रांनो, पोस्टर वाचून बाबासाहेब कळत नाहीत. तो संदर्भ आहे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या निवडणूक जाहीरनाम्याचा. त्यात दारूबंदीच्या धोरणाला कडक विरोध आहे, हे शंभर टक्के खरे. राज्याचा महसूल बुडतो, गुन्हे वाढतात, हे त्यात आहे. पण त्याच परिच्छेदात आणखी एक मुद्दा आहे जो पोस्टरवर कुणी छापत नाही: दारूबंदीमुळे दारू गाळणे हा घरगुती उद्योग झाला, आणि ती घरात, डोळ्यांदेखत तयार होऊ लागल्याने पूर्वी फक्त पुरुष पीत ते आता बायका आणि मुलेही पिऊ लागली. म्हणजे बाबासाहेबांचा दारूबंदीवरचा एक मोठा आक्षेप हाच होता की तिने भट्टी घरात आणली! आणि आपण त्यांच्याच नावाने गॅरेजातल्या भट्टीचे समर्थन करतो आहोत.

त्याआधी, २४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत आजच्या कलम ४७ मधल्या दारूबंदीवर चर्चा झाली. जयपालसिंग मुंडा उभे राहिले आणि तांदळाची बिअर हा आदिवासींच्या धार्मिक विधींचा भाग आहे, ती त्यांच्यापासून हिरावू नका, असे त्यांनी बजावले. उत्तर देताना बाबासाहेबांनी हे मार्गदर्शक तत्त्व आहे, राज्यावर सक्ती नाही, याकडे लक्ष वेधले. पुढे १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांचे नियमन किंवा बंदी करण्याचा अधिकार दिला. निर्णय तिथल्या माणसांनी घ्यावा, हे आम्हाला मान्य आहे. गडचिरोलीच्या मोहाबद्दल पुण्यात बसून आम्ही निकाल देणार नाही. पण जयपालसिंगांचे बोट धरून टेक्सासच्या गॅरेजमध्ये शिरता येत नाही. तो विधी नाही, ती हौस आहे.

१९५१ मध्ये बंदीला विरोध करणाऱ्या बाबासाहेबांनीच १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांना दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. बावीसांतली सतरावी. काहींना यात विसंगती दिसते. आम्हाला दिसत नाही. पोलिसाच्या काठीने माणूस सुधारत नाही, उलट पोलीस बिघडतो. म्हणून बंदी नको. माणूस स्वतःच्या तोंडाने, समाजासमोर, उभा राहून शब्द देतो तेव्हा काहीतरी बदलण्याची शक्यता असते. म्हणून प्रतिज्ञा हवी. पहिली गोष्ट राज्याला सांगितलेली आहे, दुसरी आपल्याला.

आणि पाचव्या शीलात ‘बिअर चालते’ अशी फट शोधणाऱ्यांसाठी एक माहिती. शीलात सुरा आणि मेरय असे दोन शब्द आहेत. विनयपिटकात भिक्खूंच्या मद्यपानाच्या नियमाखाली दोन्हींचा अर्थ दिला आहे. मेरय म्हणजे फुले, फळे, मध, गूळ यांची. आणि सुरा म्हणजे पिठाची, भाताची, किण्व टाकून केलेली. धान्य आणि किण्व! म्हणजे बिअर ही शीलात नंतर ओढूनताणून घातलेली गोष्ट नाही, पहिल्या शब्दाचा अर्थच ती आहे. मित्राच्या भांड्यातून निघते ती शब्दशः सुरा. मोहाची येते मेरयात. दोघींनाही सूट नाही.

पण शीलात कारण काय दिले आहे तेही पाहा. प्रमादाचे ठिकाण, म्हणजे बेसावधपणाची जागा. अपवित्र म्हटलेले नाही, विटाळ म्हटलेले नाही. इथेच दारू न पिणे ही ब्राह्मणी शुद्धता आहे या म्हणण्याचे उत्तर आहे. एम. एन. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरणाची कल्पना मांडली तेव्हा खालच्या मानलेल्या जाती वर चढण्यासाठी मांस-दारू सोडतात असे निरीक्षण नोंदवले. ते निरीक्षण आम्ही एमएला पाठ केले आहे. पण नागपुरात लोकांनी वर चढण्यासाठी दारू सोडली नाही, ती शिडीच नाकारली. शिवाय सौत्रामणी यज्ञात सुरा लागते, हे ‘ब्राह्मणी’ हा शब्द सढळ हाताने वापरणाऱ्यांनी एकदा वाचावे. शुद्धतेचा नियम दुसऱ्याला दूर ठेवतो. शील स्वतःला जागे ठेवते. जो पितो त्याच्या हातचे पाणी आम्ही पितो, त्याच्या मयताला जातो, त्याच्या पोरांची फी भरायला धावतो. विटाळ मानत असतो तर हे केले नसते.

आता घरातली मुले. बाबासाहेबांच्या त्या परिच्छेदाबद्दल मित्राशी बोलताना तो हसला. म्हणाला, “अरे, ती १९५१ ची गोष्ट. इथे तसं नाही. माझा मुलगा तर मदत करतो. सात वर्षांचा आहे, पण हायड्रोमीटरचा आकडा माझ्याआधी वाचतो.” आणि म्हणता म्हणता तोच थांबला. आम्हीही काही बोललो नाही. कारण दोघांनाही एकच गोष्ट आठवली असणार. आम्ही सात-आठ वर्षांचे असताना त्याच्या वडिलांसाठी गुत्त्यावरून फुगा आणायला आम्ही दोघे जायचो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली, कोमट. सांडली तर मार. त्याच्या वडिलांचे लिव्हर गेले तेव्हा तो दहावीत होता.

तो म्हणाला की तो शनिवारी एकच बाटली पितो, मोजून. आम्ही मानतो. सगळेच पिणारे त्याच्या वडिलांसारखे होत नाहीत. पण ‘मोजून’ हा शब्द पगार, घर, विमा, गॅरेज असलेल्या माणसाला जितका झेपतो तितका सगळ्यांना झेपत नाही, आणि त्याचा व्हिडिओ फक्त गॅरेजवाल्यांनी पाहिलेला नाही. तो आमच्या स्टडी सर्कलच्या पोरांनी पाहिला. त्यातल्या दोघांनी दुसऱ्याच दिवशी विचारले, इंडक्शनवर जमेल का? त्यांच्या घरी एक खोली आहे. त्या खोलीत आई, बहीण, आजी झोपतात.

आम्ही मावशींनाही सोडलेले नाही. अंगुत्तर निकायात उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे सांगितले आहे त्यात मद्याचा व्यापार आहे. हे आम्ही त्यांच्याच ओट्यावर बसून त्यांना सांगितले आहे, छापा पडण्याच्या कितीतरी आधी. त्या म्हणाल्या, “बाळा, मी काय हौसेनं करते का? नवरा ह्याच्यातच गेला, मला म्हाईत न्हाई का? धुणीभांडी करायची तर कंबर धरते. तूच सांग, उद्यापासून काय करू?” या प्रश्नाला आमच्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. बचत गटाचे कर्ज मिळायला चार महिने लागतात आणि पोट चार महिने थांबत नाही. म्हणून पाच व्यापारांचे सुत्त सांगायचे असेल तर आधी ते बिअर बारचा परवाना खिशात ठेवून १४ ऑक्टोबरला मंचावर बसणाऱ्या आपल्याच काही पुढाऱ्यांना सांगावे. त्यांच्याकडे दुसरा धंदा करायची ऐपत आहे.

मग आमचे म्हणणे काय? पोटासाठी आंबवणाऱ्या बाईला तुरुंग नको, तिला दुसरे काम हवे, आणि ते मिळेपर्यंत छापा-हप्ता-छापा हे चक्र थांबायला हवे. ‘हातभट्टीवाले’ या शब्दाखाली खटल्याशिवाय कोंडणे आम्हाला मान्य नाही. गावात दुकान नको असेल तर आडवी बाटली करण्याचा हक्क बायकांनी वापरावा, आम्ही प्रचाराला येऊ. उद्या कुणी महाराष्ट्रात घरगुती बिअरला कायदेशीर परवानगी मागायला निघाले, तर आम्ही त्या मोर्चात जाणार नाही आणि तो अडवणारही नाही. एवढेच विचारू की परवानगी फक्त स्टीलच्या भांड्याला मागता की पातेल्यालाही? आणि स्वतःला बौद्ध म्हणवणाऱ्याने, भांडे कुठलेही असो, आपल्या घरात सुरा करू नये. कायदा परवानगी देतो म्हणून शील बदलत नाही, आणि कायदा पकडतो म्हणून शील पाळायचे नसते.

मित्राने ग्रुपवरून व्हिडिओ काढला आहे. भांडे विकलेले नाही. परवा त्याचा मेसेज आला की दुसरी बॅच झाली, पण मुलाला त्या दिवशी बाहेर खेळायला पाठवले. आम्ही त्यावर अंगठा दाखवलेला नाही आणि शिवीही दिलेली नाही. खाली त्याने मावशींच्या वकिलाची फी किती ते विचारले होते. ते आम्ही कळवले.

मावशींची पुढची तारीख या महिन्याच्या २३ ला आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी सकाळी साडेदहाला कोर्टाच्या मागच्या गेटजवळ, चहाच्या टपरीपाशी भेटावे. एक जामीनदार अजून कमी पडतो आहे. ज्याच्या नावावर घर आहे आणि घरपट्टीची पावती आहे असा कुणी असेल तर आधी फोन करा.

जय भीम, नमो बुद्धाय.